छोट्या होडीतून चिलापी: हिडकलच्या पाण्यावर तिघांनी जाताना

हिडकलहून रिकाम्या हातानं परत आलेली पोरं मला दोनच गोष्टी विचारतात. गळ कितीचा लावायचा आणि आमिष कसलं? मी उलट विचारतो, "होडी कशी बांधली होतीस?" उत्तर ठरलेलं असतं. "एक दगड सोडला होता की."

तिथंच सगळं बिघडतं. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा गपकन घास घेणारा मासा नव्हे. ती आमिष ओठानं चाचपते, चिमटीनं उचलावं तसं उचलते आणि पटलं नाही तर थुंकून टाकते. एका दगडावर बांधलेली होडी वाऱ्याबरोबर इकडून तिकडं झुलत राहते. तिच्याबरोबर तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, झुलतो, तळावरचा गळ फरफटतो आणि पाण्यावर तरंगणारा बोया कायम कललेला दिसतो. माशानं ओढलं की होडीनं, हे कळायला मार्गच उरत नाही. खालची प्रत्येक पायरी शेवटी एकाच कामासाठी आहे: होडी एका जागी, आवाज न करता, उभी राहिली पाहिजे. आणि तिघंही कोरडे परत आले पाहिजेत.

हे सगळं कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या फुगवट्याला धरून लिहिलंय. मलप्रभेवर नविलतीर्थच्या पाण्यालाही यातलं बरंच लागू पडेल. वाहत्या नदीला मात्र नाही, तिथं होडी बांधायची रीतच वेगळी.

## १. आधी विचारा, मग गाडी काढा

जलाशयातल्या मासेमारीचा हक्क ठेक्यानं किंवा परवान्यानं कुणाला तरी दिलेला असतो. "आपण काय, दोन-चार मासे धरणार" म्हणून न विचारता होडी घालू नका. मत्स्य खात्याच्या कचेरीत चौकशी करा. पाटी कन्नडमध्ये असते, 'मीनुगारिके इलाखे' असं वाचायचं. त्यानंतर ज्या काठावर उतरणार तिथल्या मच्छीमारांना विचारा, कारण होडीही बहुतेकदा त्यांचीच घ्यायची असते. त्यांची जाळी कुठं लावलीत हेही तेव्हाच कळतं. जाळ्यात तुमचा दगड अडकला तर त्यांचं नुकसान होतं आणि तुमची त्या काठावरची ये-जा संपते.

राकसकोपला जाऊ नका. ते बेळगाव शहराचं प्यायचं पाणी आहे. हिडकललाही धरणाची भिंत, दरवाजे आणि कालव्याचं तोंड यांच्या आसपास होडी न्यायची नाही. वरून पाणी शांत दिसलं तरी आत ओढ असू शकते.

काठावरच्या लोकांशी बोलायला चार कन्नड शब्द येत असले तर फार उपयोग होतो. 'नीरु' म्हणजे पाणी, 'आळ' म्हणजे खोली, 'केसरु' म्हणजे चिखल, 'कल्लु' म्हणजे दगड. आणि पाचवा सगळ्यात महत्त्वाचा: 'गाळी' म्हणजे वारा. एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमारानं आभाळाकडं बघत "गाळी बराकत्तैती" म्हटलं तर तुम्हाला वाऱ्याची झुळूकही लागली नसली तरी गळ गुंडाळा. त्यांना अर्धा तास आधी कळतं.

दिवस कुठला निवडायचा? पावसाळ्यात नको. पाणी गढूळ असतं, वाहून आलेली झाडं-झुडपं तरंगत असतात आणि माशांच्या विणीचा काळ असतो. पावसाळा संपताना जलाशय भरलेला असतो, पण मासा पसरलेला असतो आणि काठालगत नव्यानं बुडालेली झुडपं गळ खातात. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी गार. चिलापी गरम पाण्याचा मासा, थंडीत सुस्त पडते. तेव्हा पहाटे उठून कुडकुडत जाण्यात अर्थ नाही, नऊ-दहा वाजता ऊन पाण्यावर आल्यावर होडी घाला. खरा मोसम फेब्रुवारी ते मे. पाणी उतरलेलं असतं, हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ हळूहळू डोकं वर काढतं आणि मासा ठरावीक जागी गोळा होतो. मात्र याच दिवसांत दुपारचा वारा आणि वळवाचा पाऊस येतो. म्हणून मार्चपासून पुढं पहाटे होडी घालायची आणि ऊन तापायच्या आत, फार तर बाराला, काठाला लागायचं. "आता कुठं लागायला लागलीय" ही सबब चालणार नाही.

## २. तिघंच, आणि तिघांची तीन कामं

छोटी होडी म्हणजे दहा-बारा फुटांची, फळ्यांची किंवा फायबरची, सपाट तळाची. तिच्यात तिघं. चौथा मित्र कितीही जवळचा असला तरी काठावर. हरिगोल, म्हणजे टोपलीसारखी गोल होडी, तुम्हाला कुणी देऊ केला तर तो अनुभवी माणसाबरोबरच घ्या. तो जागच्या जागी गरागरा फिरतो आणि नवख्याला आवरत नाही.

काठावर असतानाच कामं वाटून घ्या:

- पहिला वल्ही आणि दगड सांभाळणार. होडी कधी हलवायची, कधी परतायचं हे तोच ठरवणार. पाण्यावर त्याच्याशी वाद नाही.
- दुसरा पुढच्या फळीवर बसून गळ टाकणार.
- तिसरा मागच्या फळीवर बसून गळ टाकणार. हातजाळी त्याच्याजवळ.

सगळ्यात जड माणूस मधे बसतो, म्हणून बहुधा वल्ही त्याच्याकडं जातात. त्याच्या वाट्याला गळ येत नाही असं वाटत असेल तर तासाभरानं बदला करा. पण बदला काठावर येऊन करायचा, होडीत जागा बदलायच्या नाहीत.

सावध: लाइफ जॅकेट तिघांनाही हवं, आणि अंगात, बंद लावलेलं. बसायला उशी म्हणून फळीवर ठेवलेलं जॅकेट बुडताना सापडत नाही. "मला पोहता येतं" हे कारण धरू नका. उतरलेल्या धरणात तळाला गुडघाभर, कधी मांडीभर गाळ असतो आणि गाळात पोहता येत नाही. गमबूट आणि जीन्स घरी ठेवा, पाणी भरलं की दोन्ही माणसाला खाली ओढतात.

## ३. सामान आदल्या रात्री

सकाळी साडेचारला गाडीच्या दिव्यात गळ बांधणारा माणूस कच्ची गाठ मारतो. म्हणून सगळं आदल्या रात्री, घरी, उजेडात.

तंगूस आणि गळ. चिलापीचं तोंड लहान. आठ किंवा दहा नंबरचा गळ पुरतो. या मोजणीत आकडा वाढेल तसा गळ लहान होतो, दुकानात ते उलटं समजून मोठा गळ आणणारे पुष्कळ आहेत. तंगूस ०.२० मिलिमीटरच्या आसपासचा. जाड तंगूस पाण्यात दिसतो आणि आमिष अवघडून लोंबतं. गाठ बांधण्याआधी तंगूस थुंकीनं ओला करा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तिथंच कमजोर होते. बांधल्यावर गळ खिळ्याला अडकवून हळू ओढून बघा. आता तुटली तर बरंच झालं.

काठी. दहा फुटांची सरळ बांबूची काठी चालते, रीळ लागतंच असं नाही. होडीतून चिलापीला लांब फेकायचं नसतं, आपणच तिच्याजवळ गेलेले असतो. तंगूस काठीच्या लांबीएवढा किंवा हातभर कमी ठेवा.

बोया. दुकानातला फुगीर, लाल-पांढरा बोया चिलापीसाठी फार जाड पडतो. तो बुडवायला लागणारा जोर तिला जाणवतो आणि ती आमिष सोडते. आमच्याकडं जोंधळ्याच्या वाळलेल्या ताटाची साल काढून आतला पांढरा गाभा घेतात. करंगळीएवढा जाड, बोटभर लांब. त्याला तंगूस दोन ठिकाणी बांधायचा. दोन-तीन तासांनी तो पाणी पिऊन जड होतो, म्हणून चार-पाच करून न्यायचे.

शिसं. बोयाचं फक्त वरचं पेरभर टोक पाण्याबाहेर राहील इतकंच शिसं. घरी बादलीत टाकून बघा. अर्धा बोया वर तरंगत असेल तर शिसं कमी आहे.

दगड आणि दोर. याला सगळ्यात जास्त वेळ द्या. खताची रिकामी प्लॅस्टिकची पोती दोन घ्या, घडी घालून निम्मी करा आणि प्रत्येकीत आठ-दहा किलो गोटे भरा. कोपऱ्याचे फोडलेले दगड नकोत, ते पोतं फाडतात. तोंड निरगाठीनं घट्ट बांधा. दोर प्रत्येकी चाळीस फूट. बैलाचा जुना कासरा चालतो, नायलॉनचा दोर हाताला कापतो आणि ओला झाला की निसटतो. होडीकडच्या टोकाला मात्र सुरगाठच मारायची, म्हणजे वेळ आली की एका हिसड्यात सुटली पाहिजे. निरगाठ दगडाकडं, सुरगाठ होडीकडं. हे उलटं झालं तर दगड तळाला राहतो आणि होडी अडकून पडते.

खोली मोजायची दोरी. एक वेगळी बारीक दोरी, टोकाला मुठीएवढा दगड आणि दर हातावर एक गाठ. अंधारातही बोटानं मोजता येतं.

आमिष. दोन वाट्या कणीक, एक वाटी भाजलेल्या शेंगांचं कूट, चिमूटभर हळद. पाणी थोडं थोडं घालत भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट मळा. मळतानाच कापसाचे थोडे तंतू पिंजून मिसळा, म्हणजे गळावरून सुटत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. गांडुळं घ्यायची तर शेणखताच्या ढिगाखालची बारीक, तांबडी. माती आणि ओली पानं घालून डब्याला भोकं पाडा. अख्खं गांडूळ लावायचं नसतं, नखाएवढा तुकडा पुरतो. अख्खं लावलं की चिलापी लोंबतं टोक खाऊन जाते आणि तुम्ही रिकामा गळ वर काढत बसता.

खुराक. जागेवर मासा गोळा करायला लागतो. गव्हाचा किंवा भाताचा कोंडा दोन भाग, शेंगांची पेंड एक भाग, आणि बांधणीसाठी चाळलेली पोयट्याची माती. पेंड रात्रभर भिजवा. चुरमुरे टाकू नका. चुरमुरे तरंगतात, वारा त्यांना घेऊन जातो आणि त्यांच्यामागं मासाही.

उरलेलं सामान चटकन: पाणी उपसायला डबा, लांब दांड्याची हातजाळी, चाकू, पक्कड, गोणपाट, बर्फाची पेटी, प्यायचं पाणी, टोपी, शिट्टी. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गळ्यात. घरी कुणाला तरी कुठल्या काठावरून होडी घालणार आणि किती वाजता परतणार हे सांगून निघा.

## ४. काठावर: होडीत पाय ठेवण्याआधी

हायवे सोडून हत्तरगीवरून आत शिरलात की पहाटेचा अंधार असतो आणि सगळ्यांना घाई झालेली असते. इथं दहा मिनिटं मोडा.

होडी पाण्यात ढकला आणि रिकामीच ठेवा. पाच मिनिटांनी तळ बघा. फळ्यांच्या सांध्यातून थोडं पाझरणं समजू शकतं, पण तळाला पाण्याची धार दिसली तर दुसरी होडी मागा. वल्ह्यांचे खुंट आणि दोर ओढून बघा. मग सामान चढवा, जड सामान मधे आणि तळाला. दोन्ही दगड आधीच होडीत ठेवा, एक पुढं, एक मागं.

चढताना एकेकानं. कडेवर पाय देऊन नव्हे, मधोमध, वाकून, दोन्ही कडा हातानं धरून. आधी मागचा, मग पुढचा, शेवटी वल्हीवाला, जो होडी ढकलून आत येतो.

तपासा: तिघं बसल्यावर होडीची कड पाण्यापासून किती वर आहे ते वितीनं मोजा. अंगठा पाण्याला आणि करंगळी कडेला लागायला हवी. वीत बसत नसेल तर वजन जास्त आहे. सामान उतरवा किंवा माणूस उतरवा. शांत पाण्यात चार बोटं पुरेशी वाटतात, लाट आली की पुरत नाहीत.

## ५. जागा: मधोमध जाऊ नका

नवख्यांची दुसरी ठळक चूक ही. होडी मिळाली म्हणजे पाण्याच्या मधोमध जायचं असं त्यांना वाटतं. चिलापी मधे नसते. ती काठाच्या आसपास, चार ते आठ फूट पाण्यात, जिथं तळाचा उतार बदलतो तिथं असते. काठावरूनही तेवढी खोली मिळाली असती, मग होडी कशाला? कारण उतरलेल्या पाण्याचा काठ चिखलाचा असतो, उभं राहता येत नाही, आणि बुडालेले बांध काठावरून गाठता येत नाहीत. होडीचा उपयोग तेवढाच.

धरणाखाली गेलेल्या जमिनीचे बांध, विहिरींचे कठडे, घरांच्या भिंती, बाभळीची खोडं तळाला आहेत. अशा कडेला मासा हमखास असतो. पाणी निवळ असेल तर दोन-तीन फुटांवर तळाला गोल खळगे दिसतात, ताटापासून परातीएवढे. ती चिलापीच्या नरांनी तोंडानं आणि शेपटीनं साफ केलेली जागा. त्या खळग्यांवर होडी नेऊ नका, सगळे पळतील. खळग्यांच्या बाहेरच्या बाजूला, पाणी कंबरेवरून डोक्याएवढं होतं तिथं थांबायचं.

शोधताना वल्ही पाण्यात आपटू नका. पातं तिरकं घाला, हळू ओढा, पाणी निथळू द्या. शेवटची पन्नास पावलं एकाच वल्ह्यानं मागून ढकलत जा. दर होडीभर अंतरावर खोलीची दोरी सोडा आणि दगड तळाला टेकल्यावर दोनदा उचलून आपटा. 'टक' जाणवलं तर दगड किंवा भिंत, 'थप' जाणवलं तर कडक जमीन, काहीच न जाणवता दोरी चिकटून राहिली तर गाळ. गाळात बसू नका. कडक जमीन आणि चार-पाच हात पाणी सापडलं की थांबा.

सावध: बुडालेल्या खोडाला होडी बांधायचा मोह होतो. खोड कुजलेलं असतं, हिसक्यानं मोडतं आणि पाण्याखालची फांदी तळाला भोक पाडू शकते. खोडापासून होडीभर लांब राहा.

## ६. दोन दगड: सगळं इथं ठरतं

क्रम असा.

वारा कुठून येतोय ते बघा. पाण्यावर समजत नसेल तर ओलं बोट वर धरा किंवा कोंड्याची चिमूट सोडा. ज्या जागी गळ टाकायचा ती जागा मनात धरा आणि वल्हवत तिच्यापुढं, जिकडून वारा येतो तिकडं, दोन-तीन होड्यांएवढं अंतर जा. होडीचं पुढचं टोक वाऱ्याकडं वळवा.

आता पुढच्या माणसानं बसल्या जागी पुढचा दगड सोडायचा. टाकायचा नव्हे. दोर हातातून सरकू देत, तळाला टेकल्याचं जाणवेपर्यंत. "धुब्ब" आवाज झाला की अर्धा तास वाया गेला समजा, चिलापी त्या जागेवरून उठते. दगड टेकला की होडीला वाऱ्याबरोबर मागं जाऊ द्या आणि दोर देत राहा. पाणी सहा फूट असेल तर अठरा-वीस फूट दोर बाहेर गेला पाहिजे. खोलीच्या तिप्पट, हा हिशेब. बहुतेक लोक खोलीएवढाच दोर ठेवतात, मग प्रत्येक लाटेला होडी दगड उचलते आणि होडी दगडासकट सरकत जाते.

पुढचा दोर सुरगाठीनं बांधा. मग मागच्या माणसानं मागचा दगड तसाच अलगद सोडायचा. तो तळाला टेकला की त्याचा दोर थोडा सैल ठेवून बांधा. मागचा दगड फक्त होडीचं झुलणं थांबवण्यासाठी आहे, ओझं पुढच्यावर.

होडी वाऱ्याला आडवी बांधू नका, दोघांनाही एका बाजूला गळ टाकायला सोयीचं पडतं म्हणून पुष्कळजण तसं करतात. आडव्या होडीवर लाट कडेवरून आत येते. आणि फक्त मागच्या टोकाला दगड बांधून ते टोक वाऱ्याकडं ठेवणं तर कधीच नको. मागची कड बहुधा खाली असते, पाणी तिथूनच भरतं.

तपासा: काठावरचं एक झाड आणि त्याच्यामागचा विजेचा खांब किंवा टेकडीचं टोक एका रेषेत धरा. पाच मिनिटं गप्प बसा. रेषा मोडली नाही तर होडी उभी आहे. मोडली तर दगड वर काढून पुन्हा सुरुवात. कंटाळा करू नका, ही पाच मिनिटं वाचवणारेच तासन्‌तास बोयाकडं बघत बसतात.

## ७. खुराक थोडाच

लिंबाएवढे तीन गोळे. होडीपासून काठीच्या टोकाच्या आत, एकाच जागी, पाण्याच्या जवळ हात नेऊन सोडायचे. पुढं दर अर्ध्या तासानं एक. अख्खी पिशवी एकदम ओतली तर मासा येतो, पोट भरतो आणि तुमच्या नखाएवढ्या कणकेकडं बघत नाही. खुराक टाकल्यावर दहा मिनिटं गळ टाकू नका. चहा प्या. हळू बोला. बोलण्यापेक्षा पाय आपटणं, डबा फळीवर ठेवणं, वल्हं पडणं हे आवाज पाण्यात जास्त जातात. म्हणून तळाला गोणपाट अंथरायचं.

## ८. गळ, बोया आणि ओढ

आधी खोली बसवा. आमिष तळापासून वीतभर वर राहिलं पाहिजे. बोया आडवा पडला तर गळ तळाला टेकलाय, बोया खाली घ्या. मटाराच्या दाण्याएवढी कणीक गळावर अशी लावा की गळाचं टोक जेमतेम झाकलं जाईल.

आता बोयाची भाषा. जोंधळ्याच्या गाभ्याचं पांढरं टोक पाण्यावर पेरभर उभं असतं. आधी त्याच्याभोवती एक बारीक वर्तुळ उमटतं, बोया जागचा हलत नाही. ही चाचपणी, हात गप्प ठेवा. मग टोक दोन-तीनदा टिचकी मारल्यासारखं थरथरतं. अजून थांबा. त्यानंतर दोनपैकी एक होतं. एकतर बोया तिरका होऊन संथपणे बाजूला चालायला लागतो, किंवा उलट वर उचलला जाऊन आडवा पडतो, कारण माशानं आमिष तोंडात घेऊन शिशासकट वर उचललंय. या दोन्ही वेळी मनगट वर करा. फक्त मनगट, वीतभर. खांद्यातून हिसडा मारलात तर लहान गळ चिलापीच्या पातळ ओठातून फाटून येतो आणि पुढचा झटका होडीला बसतो. बोया पूर्ण बुडायची वाट बघणाऱ्यांना रिकामा गळच मिळतो, बोया बुडवेपर्यंत चिलापी सहसा धरून बसत नाही.

वीस मिनिटं काहीच हललं नाही तर आमिष बदलायच्या आधी खोली बदला. वीतभर वर, मग वीतभर खाली. तरी नाही तर कणकेऐवजी गांडूळ. तासाभरात एकही टिचकी नाही तर जागा चुकली. दगड उचला, पहिल्यांदा मागचा, मग पुढचा, आणि बांधाच्या कडेनं दहा होड्यांएवढं पुढं सरका. उचलायचा क्रम उलटा केलात तर मागच्या दगडावर होडी फिरून वाऱ्याला पाठ देते.

दोघांनी एकाच बाजूला गळ टाकू नका. पुढच्यानं डावीकडं, मागच्यानं उजवीकडं. काठी मागं नेण्याआधी "टाकतोय" म्हणा, डोळ्याला गळ लागण्याची भीती इथं सगळ्यात जास्त.

## ९. मासा होडीत घेताना

काही वर्षांपूर्वी एप्रिलमधली सकाळ. माझ्या मावसभावाच्या काठीला वितीपेक्षा मोठी, काळपट चिलापी लागली. तो हातजाळी घ्यायला उठला. मधला मित्र फोननं फोटो काढायला उठला. मी मागं बसून ओरडत होतो ते दोघांनाही ऐकू गेलं नाही. होडी डावीकडं झुकली आणि कडेवरून पाणी असं आत आलं, जसं कुणी घागर ओतावी. एकाच घोटात घोट्यापर्यंत. दोघं धपकन खाली बसले म्हणून उलटलो नाही. जॅकेटं अंगात होती, पाणी आठ फूट. डबा, काठी आणि फोन गेले. त्या दिवसापासून आमच्या होडीत कुणीही उभं राहत नाही, कशासाठीही.

तर क्रम: ज्याला मासा लागला तो बसूनच काठी उभी धरतो आणि माशाला दमू देतो. चिलापी आडवी होऊन अंगाचं ताट करते, तेव्हा ओढाओढी करू नका. जाळीवाला बसूनच जाळी पाण्याखाली धरून ठेवतो. मासा जाळीवर आणायचा, जाळी माशामागं न्यायची नाही. तिसरा विरुद्ध बाजूला किंचित झुकतो.

चिलापीच्या पाठीवरच्या पराला पंधरा-सतरा टोकदार काटे असतात, पोटामागच्या पराला तीन. हे काटे लागले तर जखम दिवसभर ठणकते. ओलं फडकं घ्या, तळवा डोक्याकडून शेपटीकडं सरकवत नेऊन काटे दाबा आणि मग धरा. शेपटीकडून कधीच नाही. गळ पकडीनं, ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं काढा.

तपासा: ही चिलापीच आहे का? पाठीचा पर काटेरी आणि लांब असेल तर हो. पर मऊ, आखूड आणि तोंड खालच्या अंगाला असेल तर ते रोहू-मृगळचं पिलू. जलाशयात ती बोटुकली सोडलेली असतात, मच्छीमारांचं वर्षाचं पोट त्यांच्यावर असतं. हात ओला करून ते लगेच पाण्यात सोडा. चिलापी मात्र या पाण्यात बाहेरून आलेली, भराभर वाढणारी. माझ्या मते ती धरली तर घरी न्यावी. कधी कधी मादीच्या तोंडातून पिवळी अंडी किंवा बारीक पिलं सांडतात, ती तोंडातच वाढवते. असं दिसलं की जवळ विणीची जागा आहे. मी तिथून दगड उचलतो.

## १०. परत कधी

वल्हीवाल्याचं घड्याळ शेवटचं. यापैकी एक जरी झालं तरी वेळ संपली: पाण्यावर पांढरे फेसाचे ठिपके दिसले, पश्चिमेला ढगांचा गड्डा चढला, एकदाही गडगडलं. वीज लांब आहे, हे पाण्यावर बसून ठरवू नका. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, आणि हातात ओली काठी.

आधी काठ्या आडव्या, मग मागचा दगड, मग पुढचा. पुढचा दगड गाळात रुतला असेल तर वाकून ओढू नका. होडी वल्हवत दगडाच्या बरोबर वर न्या आणि सरळ वर उचला. तरी येत नसेल आणि वारा वाढत असेल तर सुरगाठ सोडा आणि निघा. पोतं आणि गोटे पुन्हा मिळतात.

होडी उलटलीच तर तिला सोडू नका. उलटी होडीही बहुधा तरंगते. तिघांनीही तिला धरून राहायचं, शिट्टी वाजवायची, काठ कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही.

## ११. काठावर आणि घरी

मासे उन्हात पिशवीत ठेवून फोटोंत वेळ घालवू नका. डोक्यावर काठीनं एक टोला, मग बर्फात, माशाएवढाच बर्फ. बर्फ नसेल तर ओल्या गोणपाटात, सावलीत, आणि तासाभरात साफ करायला घ्या.

"चिलापीला चिखलाचा वास येतो" ही तक्रार निम्मी साफ करण्यातल्या चुकीची असते. पोट फाडल्यावर आत काळं पातळ अस्तर दिसतं. पुष्कळजण ते तसंच ठेवतात. बोटाला जाड मीठ लावून ते पूर्ण खरवडून काढा, मणक्यालगतचं रक्त नखानं काढा, कल्ले काढून टाका. मग मीठ, हळद आणि चिंचेचं पाणी चोळून अर्धा तास ठेवा, धुवा, आणि त्यानंतरच तिखट-मसाला.

काठ सोडण्याआधी गळ मोजा. जितके नेले तितके डब्यात आले पाहिजेत, तुटून पाण्यात गेले ते सोडून. कापलेल्या तंगुसाचा प्रत्येक तुकडा खिशात घाला. उतरलेल्या पाण्याच्या काठावर गवत उगवतं, तिथं शेळ्या चरतात आणि पोरं अनवाणी फिरतात. होडी जिथं बांधलेली होती तिथंच बांधा, तळातलं पाणी उपसून टाका, आणि होडीवाल्या अण्णांना पैशाबरोबर दोन मासेही द्या.